जुळ्या कोकरांचं अक्षर

दिवाळी झाली की पारनेर तालुक्यातल्या ढवळपुरीसारख्या गावांतून मेंढरांचे कळप निघतात. माळशेज घाट उतरून कल्याण-भिवंडीकडे, भात कापून मोकळ्या झालेल्या शेतांत. पुढे मेंढरं, मागे घोडी. घोडीच्या पाठीवर सगळा संसार असतो: भांडी, वाघर, कोंबड्या, आणि मधोमध बांधलेलं एखादं दोन दिवसांचं कोकरू. वाटेत मेंढी व्याली तर कोकराला कळपाच्या चालीनं चालता येत नाही, म्हणून ते घोडीवर बसतं.

आमच्या रानातही दर वर्षी एक वाडा उतरतो. दोन-तीन रात्री मेंढरं बसवायची, लेंडीखत आपल्याला, धान्य आणि थोडे पैसे त्यांना. मागच्या वेळी मी घरून काम करत होतो. संध्याकाळी वाड्यावर जाऊन बसलो आणि तिथल्या म्हाताऱ्या बाबांना मोबाइलवर एक फोटो दाखवला. एका मेंढीखाली दोन कोकरं पीत होती. म्हटलं, "बाबा, फलटणला अशी मेंढी तयार केलीय. बऱ्याचदा जुळं देते."

बाबांनी फोटो नीट पाहिला. म्हणाले, "दोन झाली तर चांगलंच हाय की. पन दूद दोघांना पुरंल का? अन् चालताना घोडीवर जागा किती?"

मी गप्प बसलो. मी जे वाचून गेलो होतो त्यात पेशी होत्या, जनुकं होती, डीएनए होता. घोडी नव्हती. नंतर या मेंढीचा इतिहास शोधत गेलो तेव्हा दिसलं की बाबांचा प्रश्न त्या इतिहासाच्या बरोबर मध्यभागी बसतो. म्हणून हा लेख.

एकच कोकरू का?

आपल्याकडची मेंढी म्हणजे दख्खनी. तिच्या उपप्रकारांपैकी एक आपल्या जिल्ह्याच्या नावानं ओळखला जातो: संगमनेरी. बाकीचे लोणंदी, सोलापुरी, कोल्हापुरी वगैरे. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठात दख्खनी मेंढीवर वर्षानुवर्षं काम चालू आहे. ही मेंढी काळीसावळी, काटक, उन्हात मैलोन्‌मैल चालणारी. तिची लोकर जाडीभरडी, घोंगडीला उत्तम. आणि ती एका वेताला एकच कोकरू देते. जुळं दुर्मीळ.

पर्जन्यछायेतल्या कमी पावसाच्या मुलखात हा हिशोब बरोबर होता. चारा बेताचा, दूध बेताचं, वाट लांब. आईला जगवता येईल तेवढंच पिल्लू.

पण मेंढपाळाचं उत्पन्न बदललं. घोंगडीचा बाजार बसला, लोकरीला भाव उरला नाही, कातरणीचा खर्चही निघेना. आता पैसा येतो तो मटणासाठी विकलेल्या कोकरांतून. म्हणजे वर्षाला किती कोकरं जन्मली आणि त्यांतली किती जगली, यावर घर चालतं. चराऊ रानं आक्रसत चालल्यामुळे कळप मोठा करणं अवघड. मग उरतो तो एकच मार्ग: आहे त्या मेंढीकडून जास्त कोकरं.

इथून आपल्याला नगर सोडून बरंच लांब जावं लागेल. आधी बंगालात, तिथून जहाजानं ऑस्ट्रेलियात.

कलकत्ता ते सिडनी

सुंदरबनच्या दलदलीत एक बुटकी मेंढी आहे, गारोळ. पूर्ण वाढलेली मेंढी जेमतेम बारा-पंधरा किलोची, दख्खनीच्या साधारण निम्मी. गुडघाभर पाण्यात उभी राहून चरणारी. तिला जुळं होणं नेहमीचं, तिळंही होतं. तिथल्या गरीब कुटुंबांकडे अशा दोन-चार मेंढ्या घराजवळ असतात. त्या लांब चालत नाहीत, गवत बारमाही आहे, आणि पिल्लांकडे लक्ष द्यायला माणूस समोरच असतो.

१७९२ आणि १७९३ मध्ये कलकत्त्याहून काही बंगाली मेंढ्या जहाजानं सिडनीला गेल्या. ऑस्ट्रेलियातली इंग्रजांची वसाहत तेव्हा चार-पाच वर्षांची होती आणि तिला मांस हवं होतं. पुढे तिथे स्पेनच्या मेरिनो मेंढ्या आल्या, मऊ लोकरीचं युग सुरू झालं आणि त्या बुटक्या मेंढ्या मेरिनोच्या कळपांत मिसळून दिसेनाशा झाल्या. शरीर गेलं, रंग गेला, नाव गेलं. मागे राहिलेलं एक अक्षर मात्र जवळपास दीडशे वर्षं कुणाच्या लक्षात आलं नाही.

विसाव्या शतकाच्या मध्यावर न्यू साउथ वेल्समध्ये कूमा गावाजवळ 'बूरूला' नावाच्या फार्मवर सीअर्स बंधूंच्या लक्षात आलं की आपल्या काही मेरिनो मेंढ्या जुळी-तिळी देतात. ते शास्त्रज्ञ नव्हते. त्यांनी इतकंच केलं, की अशा वेतांतून आलेली मेंढरं विकली नाहीत, पैदाशीला ठेवली. १९५८ मध्ये त्यांच्याकडचा एक मेंढा सीएसआयआरओ या ऑस्ट्रेलियाच्या सरकारी संशोधन संस्थेकडे गेला. तो स्वतः एका वेतातल्या पाच कोकरांपैकी एक होता. तिथे हेलन न्यूटन टर्नर या संशोधिकेनं या मेंढ्यांचा अभ्यास उभा केला. पुढे जुन्या नोंदी चाळून या गुणाचं मूळ त्या बंगाली मेंढ्यांत असावं हा तर्कही तिनंच मांडला.

तोपर्यंत समज असा होता, की किती पिल्लं होणार हे शेकडो जनुकं थोडं-थोडं ठरवतात. १९८० च्या सुमारास ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमधल्या संशोधकांनी बूरूलाच्या पिढ्यांचे आकडे मांडले, तेव्हा चित्र वेगळंच निघालं. मेंढ्या तीन गटांत स्वच्छ विभागत होत्या, मेंडेलच्या वाटाण्यांसारख्या. म्हणजे मामला एकाच जनुकाचा. त्याला नाव मिळालं फेकबी. १९९० च्या दशकात ते मेंढीच्या सहाव्या गुणसूत्रावर असल्याचं कळलं. आणि २००१ मध्ये तीन वेगवेगळ्या गटांनी, जवळजवळ एकाच वेळी, नेमकी जागा शोधली.

ते जनुक एका रिसेप्टरचं निघालं.

पेशीचे कान

रिसेप्टरला मराठी विज्ञानात 'ग्राही' म्हणतात. प्रत्येक पेशीभोवती मेदाचं पातळ पटल असतं. बाहेरून येणारी बहुतेक संप्रेरकं, म्हणजे हॉर्मोन्स, हे पटल ओलांडून आत येत नाहीत. निरोप आत पोचवायला पटलात रोवलेले प्रथिनांचे रेणू असतात. त्यांचा एक भाग बाहेर, एक पटलाच्या आरपार आणि एक आत. बाहेर संप्रेरक चिकटलं की आतला भाग हलतो आणि आतल्या कामांची साखळी सुरू होते. संप्रेरक स्वतः दाराबाहेरच राहतं.

अशा ग्राहीच्या जनुकात चूक झाली तर काय होतं? याची उत्तरं अनेक आहेत. तीन पाहू.

पहिलं: ग्राही बनतच नाही. भारतीय उपखंडातल्या काही कुटुंबांत, सिंधमधल्या एका मोठ्या कुळासह, वाढ-संप्रेरक सोडायला सांगणाऱ्या निरोपाचा ग्राही अर्ध्यातच तुटलेला असतो. ७२ व्या जागी 'थांबा' असा संकेत येतो आणि साखळी तिथेच संपते. पटलावर काहीच पोचत नाही. ही माणसं अतिशय बुटकी पण प्रमाणबद्ध राहतात. हा बदल पहिल्यांदा १९९६ मध्ये एका भारतीय मुस्लिम कुटुंबात नोंदवला गेला.

दुसरं: ग्राही बनतो, पण पटलापर्यंत पोचत नाही. फिनलंडमधल्या काही स्त्रियांत एफएसएच या संप्रेरकाच्या ग्राहीत १८९ व्या जागी एक घटक बदललेला सापडला. १९९५ ची गोष्ट. घडी नीट न बसल्यामुळे बहुतेक रेणू पेशीच्या आतच अडकतात. मेंदूकडून निरोप येत राहतो, ऐकायला दारात कुणी नसतं, आणि अंडाशय काम करत नाही.

तिसरं: ग्राही बनतो, पटलावर जागेवर जाऊन बसतो, बाहेरून निरोपही घेतो, पण आत पोचवताना आवाज थोडा कमी होतो. बंगालच्या मेंढीचं अक्षर या तिसऱ्या प्रकारचं आहे.

या ग्राहीचं नाव बीएमपीआर-१बी. तो साधारण ५०० अमिनो आम्लांची साखळी आहे. त्यातल्या २४९ व्या जागी ग्लुटामिन असतं, या मेंढ्यांत तिथे आर्जिनिन आहे. जनुकाच्या पातळीवर फरक एका अक्षराचा: ७४६ व्या जागी ए ऐवजी जी. तीन अक्षरांचा एक शब्द असतो, म्हणून २४९ व्या शब्दाची अक्षरं ७४५ ते ७४७. बदललंय मधलं. माझ्या कामात अशी एका अक्षराची चूक रोज भेटते. फंक्शनचं नाव तेच, इनपुट तेच, प्रोग्राम चालतोही, फक्त उत्तर थोडं वेगळं येतं.

आता हे 'थोडं वेगळं' म्हणजे काय ते बघू.

मेंढीच्या अंडाशयात दर माजाच्या आधी अनेक बीजपुटकं वाढायला लागतात. पुटक म्हणजे मध्ये बीज आणि भोवती पेशींचा थर. मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीकडून एफएसएच येतं, त्यावर ती वाढतात. वाढणारी पुटकं उलट निरोप पाठवतात, 'आता पुरे'. एफएसएच कमी होतं. तोवर जे पुटक पुरेसं पिकलेलं असतं तेच तगतं, बाकीची सुकतात. दख्खनीत बहुधा एकच तगतं, म्हणून एक कोकरू.

यात बीएमपी नावाच्या रेणूंचं काम लगाम धरण्याचं. ते रक्तातून लांबून येत नाहीत, पुटकातच शेजारच्या शेजारी बोलतात. 'वाढ, पण इतक्यात पिकू नकोस' असा काहीसा त्यांचा निरोप. तो ऐकणारा कान म्हणजे आपला बीएमपीआर-१बी. बाहेर बीएमपी चिकटलं की एक जोडीदार ग्राही जवळ येतो आणि त्याच्या आतल्या भागाला फॉस्फेटचा ठिपका लावून जागं करतो. जागा झालेला भाग पुढे स्मॅड नावाच्या प्रथिनांना तसाच ठिपका लावतो आणि ती केंद्रकात जाऊन जनुकं चालू-बंद करतात.

२४९ वी जागा नेमकी या आतल्या, काम करणाऱ्या भागात आहे. बाहेरचा भाग जसाच्या तसा. म्हणून निरोप घेतला जातो, पण पुढे देताना तो मऊ होतो. २००३ मध्ये फ्रान्समधल्या संशोधकांनी अशा मेंढ्यांच्या पुटकातल्या पेशी प्रयोगशाळेत वाढवून पाहिल्या, तेव्हा त्या बीएमपीचा लगाम कमी मानताना दिसल्या.

लगाम ढिला पडला की पुटकं लहान असतानाच पिकतात. त्यांच्यात पेशी कमी असतात, त्यामुळे एकटं पुटक 'पुरे' असं मोठ्यानं सांगू शकत नाही. दोन-तीन मिळून जेव्हा तेवढा आवाज होतो, तेव्हा कुठे एफएसएच उतरतं. आणि तोवर दोन-तीन तयार झालेली असतात. पटलावरचा एक कान किंचित जड झाला आणि शेवटी एकाऐवजी दोन कोकरं उभी राहिली, ती अशी.

२००२ मध्ये आठ देशांतल्या जुळी देणाऱ्या मेंढ्यांचे डीएनए तपासले गेले. गारोळमध्ये नेमकं तेच अक्षर सापडलं. टर्नरबाईंचा तर्क खरा ठरला.

फलटण

नगरहून दौंड-बारामतीमार्गे गेलं की फलटण. राहुरीचं कृषी विद्यापीठ १९६८ मध्ये सुरू झालं, त्याच वर्षी फलटणला बी. व्ही. निंबकर यांनी निंबकर कृषी संशोधन संस्था काढली. या संस्थेनं १९९० च्या दशकात, म्हणजे अक्षराची जागा सापडण्याच्या आधीच, सुंदरबनमधून गारोळ मेंढ्या फलटणला आणल्या. जे रक्त दोनशे वर्षांपूर्वी समुद्रमार्गे दक्षिण गोलार्धात गेलं होतं, ते आता जमिनीवरून दख्खनमध्ये आलं.

मुंबई इलाख्यात इंग्रजांच्या काळापासून परदेशी मेंढे आणून दख्खनीशी संकर करण्याचे प्रयोग झाले होते. उद्देश लोकर मऊ करणं. मेंढपाळांच्या वाड्यांत ते रुजले नाहीत. फलटणचा प्रयोग दोन बाबतींत वेगळा होता. मागणी लोकरीची नव्हती, कोकरांची होती. आणि गारोळची सगळी मेंढी नको होती, तिच्यातलं एकच अक्षर हवं होतं. कारण गारोळचा बुटकेपणा आला तर मटण कमी आणि चालही कमी.

काम असं चाललं. गारोळ आणि दख्खनी यांचा संकर करायचा. त्या पिल्लांना पुन्हा दख्खनीशी, पुढची पुन्हा दख्खनीशी. प्रत्येक पिढीत गारोळचा वाटा निम्मा होतो. पण प्रत्येक पिढीत ते अक्षरही निम्म्याच पिल्लांत उतरतं, आणि ती निम्मी कोणती हे कोकराकडे पाहून कळत नाही. मेंढी व्याल्यावर अंदाज येतो. मेंढ्याच्या बाबतीत तर त्याच्या मुली व्याईपर्यंत थांबावं लागतं. एका पिढीला काही वर्षं.

२००१ नंतर हे बदललं. कोकराचं थोडं रक्त घ्यायचं, डीएनएचा तो तुकडा वाढवायचा आणि त्यावर एक विकर सोडायचं, जे ठरावीक अक्षरक्रम दिसला तरच कात्री चालवतं. बदललेलं अक्षर असेल तर तुकडा कापला जाऊन आखूड होतो, नसेल तर अख्खा राहतो. दोन्ही पट्ट्या दिसल्या तर एक प्रत जुनी, एक नवी. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेनं या कामात साथ दिली. ऑस्ट्रेलियाच्या कृषी सहकार्य संस्थेचा प्रकल्प १९९८ पासून होता आणि आर्मिडेलचं न्यू इंग्लंड विद्यापीठ त्यात होतं. फलटणच्या बाजूनं काम पुढे नेलं डॉ. चंदा निंबकर यांनी. त्यांची पीएचडी त्याच विद्यापीठातली. नोव्हेंबर २००८ मध्ये या जनुकावर काम करणारे जगभरचे लोक पुण्यात एका कार्यशाळेसाठी जमले होते.

तयार झालेल्या मेंढीला नाव मिळालं नारी सुवर्णा. 'नारी' हे संस्थेच्या इंग्रजी नावाचं लघुरूप, पण मराठीत ते मेंढीला शोभून दिसलं. तिचे मेंढे मेंढपाळांच्या कळपांत गेले.

तेच अक्षर, वेगळं उत्तर

मला सगळ्यात जास्त थांबवणारी गोष्ट इथे आहे. बूरूला मेरिनोमध्ये या अक्षराची एक प्रत वेतामागे जवळजवळ एक कोकरू वाढवते, आणि दोन प्रती असतील तर तिळी-चौळी होतात. गारोळमध्ये बहुतेक मेंढ्यांत दोन्ही प्रती असूनही सरासरी दोनच्या आसपास राहते. दख्खनीत एक प्रत आली तर सरासरी दीडच्या आसपास. अक्षर तेच, ग्राही तोच, २४९ वी जागा तीच. फरक बाकीच्या शरीराचा, खाण्याचा आणि रानाचा.

दख्खनीतला हा मवाळ परिणाम सोयीचा ठरला. तिळं झालं तर मेंढपाळाचं नुकसानच. कोकरं हलकी जन्मतात, दूध पुरत नाही, एक तरी दगावतं आणि आईही खंगते. जुळं मात्र सांभाळता येतं. त्यासाठी गाभण मेंढीला शेवटच्या महिन्यात थोडा खुराक, व्याल्यावर काही दिवस लक्ष, गरज पडली तर कोकराला वरचं दूध लागतं. वाड्यावर हे काम बहुतेक वेळा बायकांच्या वाट्याला येतं. प्रयोगशाळेत मोजलेलं 'दीड' वाड्यावर खरं होतं ते या कामातून.

म्हणून हे उत्परिवर्तन चांगलं की वाईट, असं विचारून उत्तर मिळत नाही. पेशीच्या दृष्टीनं ती ऐकण्यातली कमतरता आहे. सुंदरबनच्या घराजवळ चरणाऱ्या मेंढीत ती फायद्याची ठरली, म्हणून तिथल्या माणसांनी, जनुक हा शब्दही जन्मण्याआधी, पिढ्यान्‌पिढ्या ती जपली. त्यांची नावं कुठल्याही शोधनिबंधात नाहीत. सीअर्स बंधूंची निदान फार्मच्या नावानं ओळख राहिली. घाट चढणाऱ्या कळपात तीच गोष्ट फायद्याची ठरेल की ओझ्याची, हे चारा, दूध आणि चाल ठरवतात.

आता बाबांचा प्रश्न पुन्हा बघा. दूध दोघांना पुरेल का? हा खुराकाचा प्रश्न आहे, म्हणजे पैशाचा. घोडीवर जागा किती? हा चालीचा प्रश्न आहे, म्हणजे रानाचा. एका ठिकाणी राहून मेंढ्या पाळणाऱ्याला, थोडा मका-कडवळ असणाऱ्याला, जुळं म्हणजे सरळ वाढीव उत्पन्न. वर्षातले सहा-आठ महिने चालणाऱ्याला तेच जुळं दोन दिवसांत निर्णय घ्यायला लावतं, की कोणतं उचलायचं.

आपल्या जिल्ह्याला आता अहिल्यादेवींचं नाव आहे. १७२५ मध्ये जामखेड तालुक्यातल्या चौंडीत, धनगर घरात जन्मलेली ही मुलगी. त्यांच्या नावाची पाटी रस्त्यावर लागली याचा वाड्यावरच्या लोकांना आनंद आहे, तो मी पाहिलाय. त्याच रस्त्याच्या कडेनं कळप नेताना चरायला काय उरलंय, हेही ते पाहतात.

दुसऱ्या दिवशी पहाटे वाडा हलला. निघताना बाबांनी मला हाक मारली. रात्री एक मेंढी व्याली होती. एकच कोकरू, काळं, अजून ओलसर. त्यांनी ते घोडीवरच्या गोधडीत बसवलं, दोरी बांधली आणि शेजारी हात दाबून पाहिला.

"अजून एक मावंल बघ," ते म्हणाले. "पन मग कोंबड्या चालवाव्या लागतील."

मग स्वतःच हसले, आणि घोडी पुढे काढली.